जर्मनीत पहिले सत्र संपत आले. अभ्यास झेपतो, रोजचे जगणे मात्र अजून बसत नाही

रेणाकाठ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्याचा असून नांदेडला अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील मागडेबुर्ग या शहरात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला), व्हिसा, शैक्षणिक कर्ज, इथल्या बँकेतले गोठवलेले खाते (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवण्याचे) या सगळ्यांविषयी निघण्यापूर्वी भरपूर माहिती मिळाली होती आणि त्यात कोठेही अडले नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि त्याविषयी मला कोणी फारसे काही सांगितले नव्हते.

अभ्यास जड आहे, पण झेपतो. झेपत नाही ते अभ्यास सोडून उरलेले सगळे. डिसेंबरमध्ये सकाळी आठ वाजताही अंधार असायचा आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा दिवे लागायचे. आता जानेवारीत त्यात फारसा फरक पडलेला नाही. शनिवारी संध्याकाळी दुकाने बंद झाली की सोमवारी सकाळपर्यंत समोरासमोर एका माणसाशीही बोलणे होत नाही, असे अनेकदा घडते. वसतिगृहात स्वयंपाकघर सामायिक आहे. एके रात्री उशिरा खिचडी टाकली, तर दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटावर एक निनावी चिठ्ठी चिकटवलेली होती: रात्री दहानंतर स्वयंपाक करू नये, वास आणि आवाज खोल्यांपर्यंत येतो, आभार. भाषा सभ्य होती, पण तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला संकोच वाटतो आणि बहुतेक दिवस ब्रेडवर निघतात.

दुसरी गोष्ट पैशांची. इथल्या उपाहारगृहात तीन युरोचा चहा घेताना त्याचे तीनशे रुपये डोळ्यांपुढे येतात आणि मी उठून बाहेर पडतो. घरी सोयाबीनच्या भावाविषयी काय बोलणे चालते ते मी ऐकतो, त्यामुळे स्वतःवर काही खर्च करावा असे वाटतच नाही.

आई रोज फोन करते आणि जेवलास का, एवढेच विचारते. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी सगळे शिवारात होते. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, चुलत भावंडांचा गलका हे सगळे व्हिडिओवर दाखवत होते. मी दोन मिनिटांत फोन ठेवला आणि तेव्हापासून घरी बोलणेच टाळावेसे वाटते.

हे दिवस आपोआप सरतात की त्यासाठी काही करावे लागते? करायचे असेल तर आधी कशाला हात घालावा? घरचे फोन कमी केल्याने इथे लवकर रुळता येते, असे एक सहाध्यायी सांगतो. त्यात तथ्य आहे का?

बालाघाट

मी अंबाजोगाईचा. शिक्षणासाठी जर्मनीत आलो आणि आता लाइपझिग येथे नोकरी करतो. तुमच्या प्रश्नातील काही भाग आपोआप सुटणारा आहे. अंधार हा त्यातला पहिला. २१ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतोच. फेब्रुवारीच्या मध्यावर तो जाणवू लागतो, मार्चच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि जूनमध्ये तुमच्या शहरात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असेल. तोवर एक पथ्य पाळा: दिवसा जो काही तुटपुंजा प्रकाश असतो, त्यात अर्धा तास तरी घराबाहेर राहा, मग ढग असोत की भुरभुर पाऊस. ग्रंथालयात सकाळी शिरून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्याला आठवडाभर ऊन दिसत नाही आणि आपली मनःस्थिती का खालावली, हे त्याला कळत नाही.

उरलेले मात्र आपोआप होत नाही. रेणापुरात असताना किंवा नांदेडच्या वसतिगृहात तुमचा दिवस तुम्ही एकट्याने आखत नव्हता. नळाला पाणी येण्याची वेळ, खानावळीच्या मावशींचे ताट, दारावर थाप मारून ‘चल’ म्हणणारा मित्र, गावाकडून येणारा पाहुणा, कोणाचे तरी लग्न, ही सगळी बाहेरची माणसे आणि कारणे तुमच्या दिवसाला आकार देत होती. इथे तो आकार कोणीच देत नाही. विद्यापीठ वेळापत्रक देते, पण तासाला हजेरीसुद्धा बहुधा घेतली जात नाही आणि बहुतेक विषयांचा निकाल सत्राअखेरच्या एका परीक्षेवर लागतो. म्हणजे आठवडा कसा घालवायचा, हे पूर्णपणे तुमच्यावर सोडलेले असते. म्हणून कशाला आधी हात घालावा, याचे माझे उत्तर असे की आठवड्यातल्या दोन-तीन वेळा पक्क्या ठरवा आणि त्या मोडू नका. त्यांत रविवार असलाच पाहिजे, कारण इथला माणूस रविवारीच खचतो.

आता चिठ्ठीविषयी, कारण ती तुमच्या मनाला अधिक लागलेली दिसते. आपल्याकडे शेजाऱ्याला जे सांगायचे असते ते तो दार वाजवून, ओट्यावर बसून, प्रसंगी चार पाहुण्यांसमोर सांगतो. इथे तेच कागदावर येते. जिन्यात, धुलाईखोलीत, सायकलींच्या जागेत अशा चिठ्ठ्या तुम्हाला जागोजागी दिसतील आणि त्या जर्मनांनी जर्मनांना लिहिलेल्या असतात. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ बहुतेक इमारतींच्या नियमांत असते; रविवारी तर भिंतीत खिळा ठोकणे किंवा काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या कुंडीत टाकणेही चालत नाही. तुम्हाला आलेल्या चिठ्ठीत देशाचा, रंगाचा, अन्नाचा उद्धार नाही. वेळ सांगितली आहे आणि शेवटी आभार मानले आहेत. तिला उत्तर द्या. त्याच कागदाखाली तुमचे नाव, खोलीचा क्रमांक आणि यापुढे दहाच्या आत आटोपीन, एवढ्या दोन ओळी लिहून तो स्वयंपाकघराच्या फळ्यावर लावा. निनावी चिठ्ठीला नावानिशी उत्तर मिळाले की समोरचा माणूस बहुधा पुढे येतो, आणि नाही आला तरी स्वयंपाकघर पुन्हा तुमचे होते.

याचा अर्थ इथे कोणी वाईट वागतच नाही, असा मी मुळीच काढत नाही. रस्त्यात कोणी शिवीगाळ केली, अंगावर आले, तर ते संस्कृतीतील फरक म्हणून गिळू नका. ११० हा पोलिसांचा क्रमांक आहे आणि भेदभावाच्या तक्रारीसाठी विद्यापीठांत स्वतंत्र व्यक्ती किंवा कक्ष असतो. दोन्हींत गल्लत करू नये, एवढेच सुचवतो.

स्वयंपाकाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण ब्रेडवर दिवस काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचे बाकीचेही सगळे बिघडत जाते. तूरडाळ, पोहे, ज्वारीचे पीठ भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळते. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी यांसाठी तुर्की आणि अरबी दुकाने चांगली आणि स्वस्त. मात्र पाकिटातले ज्वारीचे पीठ कित्येक महिन्यांचे असते आणि त्याची विरी गेलेली असते, त्यामुळे थंड पाण्यात मळले तर भाकरी थापतानाच चिरते. उकळत्या पाण्यात पीठ टाकून, झाकून, सोसवेल इतके कोमट झाल्यावर तळहाताने चांगले रगडून घ्या. वसतिगृहातली शेगडी सहसा काचेच्या पृष्ठभागाची आणि विजेची असते; ती तापायला वेळ लागतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. लोखंडी तवा तिच्यावर उत्तम चालतो. वरच्या बाजूला पाणी फिरवून भाकरी उलटली की ती आचेवर फुगवण्याची सोय इथे नाही, त्यामुळे तव्यावरच सुती फडक्याने कडेकडेने दाबत गोल फिरवावी, पापुद्रा सुटतो. काटवटीची उणीव मोठी परात भरून काढते. फोडणी करायची असेल तर खिडकी आधी उघडा आणि स्वयंपाकघराचे दार आधी लावा, मोहरी तडतडल्यानंतर नव्हे, कारण धूर ओळखणारी यंत्रे खोल्यांत आणि मार्गिकेत सर्वत्र असतात आणि काही वसतिगृहांत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असतात.

घरून काही मागवणार असाल तर येसर, काळे तिखट, जवसाची आणि कारळाची चटणी मागवा. ती टिकतात आणि नुसत्या भाताचेही जेवण करतात. तूप, पेढे, खवा मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणणे किंवा टपालाने मागवणे निषिद्ध आहे आणि सीमाशुल्क विभाग ते काढून घेतो. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राविना आणता येत नाही. तुपासाठी बिनमिठाचे लोणी आणून मंद आचेवर कढवा. इथले लोणी चांगले असते आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होते.

पैशांबाबत मी तुमच्याशी थोडा कठोर बोलणार आहे. प्रत्येक वस्तूचे रुपये करणे ही काटकसर नव्हे. सप्टेंबर २०२४ पासून गोठवलेल्या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, ते इथे साधेपणाने राहायला तेवढे लागतात असे गृहीत धरूनच. महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे, विमा आणि फोन वजा करून जे उरते त्याचे चार भाग करा, आणि त्या आठवड्याच्या भागात बसत असेल तर तीन युरोचा चहा निमूटपणे प्या, विशेषतः तो कोणासोबत असेल तर. रुपयांचा हिशेब महिन्यातून एकदा, कर्जाची वही उघडाल तेव्हा करा. शिवाय काम केले तर मिळकतही युरोतच होते: १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे.

रविवारी काय करावे, याचे एक उदाहरण तुमच्याच शहरातले देतो. मागडेबुर्गच्या उत्तरेला होहेनवार्थेजवळ एक कालवा एल्ब नदीच्या वरून पुलावरून जातो. जवळपास ९१८ मीटर लांबीचा हा जलसेतू २००३ मध्ये खुला झाला आणि त्यावरून मालवाहू जहाजे जातात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याची वाट पाहिलेल्या लातूरकराने नदीवरून पाणी नेणारा पूल पाहिलाच पाहिजे, असे माझे मत आहे. जुनी सायकल घ्या, वर्गातल्या एकाला सोबत घ्या आणि जा. इथे कोणी ‘कधीतरी भेटू’ म्हणून भेटत नाही. ‘रविवारी अकरा वाजता, वसतिगृहाच्या दारात’ असे म्हटले तर नक्की येतात.

गोदातीर

मी परभणीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि माझी मुलगी आयर्लंडमध्ये शिकते. तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

फोन कमी करण्याचा जो सल्ला तुला मिळाला आहे, तो मला पटत नाही. फोन कमी केल्याने मुले तिकडे लवकर रुळतात की नाही, हे मी सांगू शकत नाही, पण इकडे काय होते ते सांगू शकते. दोन दिवस फोन आला नाही की आई-वडील एकमेकांशी बोलेनासे होतात, शेजारच्या मुलाला व्हॉट्सअपवर ‘शेवटचे कधी दिसला’ ते पाहायला लावतात आणि मग जेव्हा फोन येतो तेव्हा इतके प्रश्न एकदम विचारतात की मुलाला पुन्हा फोन करू नये असे वाटते. कमी करण्यापेक्षा वेळ बांधून घे. हिवाळ्यात आपण तुमच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे साडेचार. तुला अंधार सोसवत नाही ती वेळ आणि घरची जेवणे आटोपून सगळे निवांत बसण्याची वेळ नेमकी एकच आहे. आठवड्यातून तीन दिवस त्या वेळी नीट बोल आणि इतर दिवशी एखादा फोटो किंवा आवाजातला निरोप पाठव. तुझ्या आईलाही हे आधी सांगून ठेव, म्हणजे न आलेल्या फोनचा अर्थ ती लावत बसणार नाही.

आई ‘जेवलास का’ एवढेच विचारते, कारण तुझ्या तिथल्या दिवसातले तिला तेवढेच माहीत आहे. तिने तुझी खोली पाहिली आहे का? खिडकीतून काय दिसते, कचऱ्याचे चार वेगळे डबे कसे असतात, रिकामी बाटली यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, हे तिला दाखवलेस तर उद्या ती त्याच यंत्राविषयी विचारील. माझी मुलगी स्वयंपाक करताना फोन समोर टेकवून ठेवते आणि आम्ही दोघी आपापल्या ओट्यावर उभ्या असतो. बालाघाट यांनी भाकरीची जी कृती लिहिली आहे ती बरोबर आहे, पण ती वाचून भाकरी येत नाही. आईला समोर ठेवून पीठ मळ. पीठ किती सैल हवे, हे तिला नुसते पाहून कळेल, आणि तुला काही शिकवता आले याचे तिला किती बरे वाटेल, हे मी लिहीत बसत नाही.

येळवस आमच्या परभणीकडे तुमच्या लातूर-धाराशिवइतकी मोठी नसते, तरी ज्या दिवशी सगळे घर एका जागी जमते त्या दिवशी दूर असलेल्याला व्हिडिओ दाखवणे हे प्रेमाचे असले तरी सोसायला अवघड असते. आमच्या घरी आम्ही असे ठरवले आहे की सणाच्या दिवशी मुलगी आदल्या रात्री बोलते आणि सणाचे फोटो दुसऱ्या दिवशी मागते. तुलाही तसे घरी सांगता येईल. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

वडिलांशी पैशांचे एकदा सविस्तर बोलून घे, सोयाबीनच्या भावाच्या आडून नको. कर्ज कोणाच्या नावे, किती, व्याज कसे चढते आहे, हे दोघांनाही एकसारखे माहीत हवे. बहुतेक शैक्षणिक कर्जांत शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही काळ हप्ता सुरू होत नाही, पण व्याज त्या काळातही चढत राहते. तुझ्या बँकेच्या मंजुरीपत्रात ती मुदत लिहिलेली असेल. मुलगा उपाशी राहून चहाचे तीनशे रुपये वाचवतो, हे जर तुझ्या वडिलांना कळले, तर त्यांना सोयाबीनचा भाव पडल्यापेक्षा अधिक दुःख होईल.

दुधना

जर्मनीत शिकून मी जालन्याला परतलो असून इथल्याच एका बियाणे उद्योगात काम करतो. वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण बालाघाट यांच्या एका मुद्द्याशी माझा मतभेद आहे. स्वयंपाकाला त्यांनी दिलेले महत्त्व मला अधिक वाटते. संध्याकाळी दोन तास भाकरी आणि पिठल्यात घालवणारे अनेक विद्यार्थी मी पाहिले, ते चार मराठी आणि तेलुगू मित्रांच्या पलीकडे पूर्ण शिक्षणकाळात कोणाला ओळखत नव्हते. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या भोजनालयात, म्हणजे मेन्झात घ्यावे, हा माझा आग्रह आहे. विद्यार्थी ओळखपत्रावर ते सवलतीत मिळते, शाकाहारी पदार्थ रोज असतात आणि चव आपल्या जिभेला सपक लागली तरी बारा ते एकच्या दरम्यान त्या टेबलांवर सगळा विभाग बसलेला असतो. चटणीची लहान डबी खिशात ठेवा. कोणी हरकत घेत नाही, उलट पुढच्या वेळी मागतात. इथे ओळखी संध्याकाळी घरी बोलावून नव्हे, तर दुपारी त्या टेबलावर होतात.

विद्यापीठाचा क्रीडा विभागही आहेच. बॅडमिंटन, पोहणे, गिर्यारोहणाची भिंत यांचे वर्ग अत्यल्प शुल्कात सत्रभर चालतात, पण नोंदणी सुरू होताच जागा भरतात. एप्रिलच्या सत्रासाठी ती केव्हा उघडते, ते आताच पाहून ठेवा. खेळात भाषा कमी लागते आणि जी लागते ती लवकर येते. मला जर्मन आकडे तेथेच पाठ झाले. तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यापीठाचा जर्मन वर्ग सोडू नका, कारण स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या इंग्रजीत असतात आणि स्वयंपाकघरातल्या गप्पा जर्मनमध्ये.

एका गोष्टीचा वरती कोणी उल्लेख केला नाही. झोप उडाली असेल, सकाळी उठवत नसेल, अभ्यासातले लक्षही आता जाऊ लागले असेल, तर भाकरी आणि सायकल यांवर विसंबून राहू नका. वसतिगृहे आणि भोजनालये चालवणारी जी विद्यार्थी कल्याण संस्था प्रत्येक विद्यापीठ-शहरात असते, तिच्याकडे मानसिक समुपदेशनाची सोय असते. ती बहुधा विनामूल्य असते, बोललेले गुप्त राहते आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतही बोलता येते. आपल्याकडे अशा ठिकाणी जाणे म्हणजे डोके फिरले असे समजतात, तिथे मात्र परीक्षेच्या आधी रांग लागते, म्हणून वेळ आधीच घ्यावी. रात्री-अपरात्री किंवा रविवारी आजारी पडल्यास, जिवाला धोका नसेल तर ११६११७ वर वैद्यकीय मदत मिळते, आणि धोका असेल तर ११२ वर. हे दोन्ही क्रमांक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

रेणाकाठ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. चिठ्ठीला नावानिशी उत्तर लावले. दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतील मुलगी स्वतःहून म्हणाली की तिची पहाटे रुग्णालयात कामाची पाळी असते आणि तिची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. तिने मसुराची डाळ कशी करतात तेही विचारले. दुधना यांना सांगतो की झोप आणि अभ्यास अजून शाबूत आहेत, तरी समुपदेशनाची वेळ परीक्षेनंतरची मागून ठेवली आहे. घरी फोनच्या वेळा सांगितल्या. आईने लगेच मान्य केले, वडिलांनी ‘बरं’ एवढेच म्हटले. पैशांचे बोलणे व्हायचे आहे.

आता दोन व्यावहारिक शंका आहेत. इथल्या रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे एक पत्र आले आहे, माझ्याकडे दूरचित्रवाणी संच नसताना ते भरावे लागते का? दुसरे असे की काम शोधायचे तर पहिल्याच वर्षी शोधावे का, आणि त्याला मर्यादा काय?

बालाघाट

दुधना यांचा मतभेद मला मान्य आहे; दुपारी मेन्झा आणि रविवारी भाकरी, असा तोडगा दोघांनाही चालावा.

ते शुल्क भरावे लागते. संच असो वा नसो, ते प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते. सामायिक सदनिकेत एकाने भरून इतरांनी वाटून घ्यायचे असते, पण वसतिगृहात खोलीचे दार सर्वांसाठीच्या मार्गिकेत उघडत असेल तर ती खोलीच स्वतंत्र घर मानली जाते. सवलत मिळते ती प्रामुख्याने सरकारी शिक्षणसाहाय्य घेणाऱ्यांना, आणि ते तुम्हाला लागू नाही. पत्र बाजूला टाकले तर दंडासह दुसरे येते आणि पुढे वसुलीपर्यंत जाते. पत्त्याची नोंदणी तुम्ही आल्यावर दोन आठवड्यांत केली असेल, तिच्यावरूनच त्यांना तुमचे नाव कळते. थकबाकी नोंदणीच्या महिन्यापासून मोजतात, म्हणून तीन-तीन महिन्यांची एकत्र भरण्याची तयारी ठेवा.

कामाबाबत: मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपलीकडे गेल्यास विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या विम्याच्या सवलतीवर परिणाम होतो. विद्यापीठातच साहाय्यक म्हणून केलेले काम या दिवसांत धरले जात नाही, शिवाय ते अभ्यासाच्या जवळचे असते, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी ज्या प्राध्यापकांचा विषय आवडला त्यांना विचारले असते. त्यांना लिहिताना इकडचे-तिकडचे न घालता विषय, गुण आणि आठवड्याला किती तास देऊ शकता एवढेच लिहा. इथे १.० हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४.० ला उत्तीर्ण होतात, हे घरी गुणपत्रिका पाठवण्याआधी वडिलांना समजावून सांगा. या परीक्षा होईपर्यंत मात्र कामाच्या शोधात पडू नका. बहुतेक ठिकाणी एका विषयाच्या मोजक्याच संधी असतात.

पुढच्या सत्राच्या फेरनोंदणीचे शुल्क भरण्याची मुदत जानेवारी-फेब्रुवारीतच असते. ते न भरल्यास नाव पटावरून कमी होते आणि त्याची झळ व्हिसापर्यंत पोहोचते. त्याची सूचना विद्यापीठाच्या ईमेलवर येते, तुमच्या खासगी ईमेलवर नव्हे. तो ईमेल आज उघडून पाहा, आणि टपालपेटीवर तुमचे आडनाव पारपत्रावर आहे तसेच लिहिलेले आहे ना, तेही पाहून घ्या. नाव जुळले नाही तर पोस्टमन पत्र परत पाठवतो.